व्हायोलिन शिकून पुढे काय?

कुडाळात व्हायोलिन शिकवतो म्हटलं की लोक आधी "अरे वा" म्हणतात आणि लगेच विचारतात, पेटी पण शिकवता का. राग नाही येत, खरंच. आपल्याकडे पेटीचंच राज्य. भजनाच्या डबलबारीला पेटी, दशावतारात पेटी, नाटकाच्या तालमीला पण पेटी नाहीतर ऑर्गन. त्यात हे पोरगं व्हायोलिन घेऊन बसणार म्हटल्यावर आईबाप विचारणारच, "सर, पण ह्याचा फुडे काय होतला?"

मी सरळ सांगतो, नुसत्या मैफिलींवर घर चालेल या भरवशावर येऊ नका. मोठमोठ्यांनी सुद्धा ते एकट्या मैफिलींवर चालवलेलं नाही. पं. गजाननराव जोशी घ्या (१९११ ते १९८७). वडील अंतूबुवा म्हणजे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, त्यामुळे ग्वाल्हेर घराण्याची गायकी घरातच होती, वर आग्रा आणि जयपूर घराण्याची तालीमही घेतली, आणि व्हायोलिन मात्र बरंचसं स्वतःचं स्वतः बसवलं. गाणं पण करायचे, वाजवायचे पण, आकाशवाणीत नोकरी केली आणि शिकवलं, शिकवलं म्हणजे किती, तर व्हायोलिनला व्ही. जी. जोग आणि आपल्या गोव्याचे श्रीधर पार्सेकर, गाण्यात उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर. व्हायोलिनवाल्याकडून असे गवई तयार होतात हे मला अजून पण भारी वाटतं. पण त्यात नवल नाही तसं, कारण आपल्याकडचं व्हायोलिन गळ्यातूनच येतं. सतारीसारखे पडदे नाहीत, बोट सरकवलं की मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, आणि सूर कुठे आहे ते कानानेच शोधायचं. म्हणून माझ्याकडे पहिले काही महिने पोरं गातात जास्त, वाजवतात कमी. पालकांना वाटतं सर टाइमपास करतायत.

गोव्यात तर हे वाद्य वेगळ्याच वाटेने पोचलं. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पोरांना सोलफेज (म्हणजे लिहिलेले सूर बघून डो-रे-मी गाणं) आणि व्हायोलिन शिकवायचे, नोटेशन झरझर वाचायला यायचं. मुंबईच्या सिनेमाच्या रेकॉर्डिंगला नेमकी अशीच माणसं हवी होती, कागद समोर ठेवला की वाजवणारी, म्हणून गोव्याचे कितीतरी वादक तिकडे गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातले. स्टुडिओत वाजवलं, अरेंजर झाले, म्हणजे कुठलं वाद्य कुठे काय वाजवणार ते लिहून देणारे, १९५८ मध्ये रागांवर सिंफनी बांधून स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला. आणि शिकवलं पण! लक्ष्मीकांत-प्यारेलाल मधले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. म्हणजे एक कानाने शिकवणारे, दुसरे कागदावरून, पण पोट भरायला दोघांनाही कार्यक्रमाच्या जोडीला अजून काहीतरी धरावंच लागलं.

पोरं यूट्यूबवर उभं राहून हनुवटीखाली धरलेलं व्हायोलिन बघून येतात आणि मी जमिनीवर बसवतो तेव्हा तोंडं पडतात. मांडी घालायची, उजवा पाय जरा पुढे, व्हायोलिनचं डोकं त्या पावलावर टेकवायचं. असं केलं की वाद्याचा भार पायावर जातो आणि डावा हात वरखाली मोकळा फिरतो, मींडेला तेच हवं असतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये फोटो चांगला येत नाही, ते मान्य.

बाकी कोकणात व्हायोलिन सांभाळणं हे वेगळं करिअर आहे :) जूनपासून खुंट्या फुगून घट्ट बसतात, तारांना गंज, गजाचे (म्हणजे बोचे) केस सैल, आणि जास्तच ओल धरली तर सरसाचे सांधे सुटतात. किनाऱ्यालगत असाल तर खारी हवा वरून. वाजवून झालं की तारा सुक्या फडक्याने पुसायच्या, गज ढिला करून ठेवायचा, व्हायोलिनच्या डब्यात बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. आणि खुंटी अडकली तर पक्कड लावू नका, प्लीज, माझ्याकडे आणा.

तर ज्यांना जूनमध्ये पोराला क्लासला घालायचंय त्यांनी आधी ऑनलाइन स्वस्तातलं फुल साइझ मागवू नका. हाताची लांबी बघून हाफ की थ्री-फोर्थ ते ठरतं, एकदा घेऊन या पोराला, माझ्याकडचं धरून बघू दे. डाव्या हाताची नखं कापून पाठवा.