पुढच्या काचेची फिल्म आणि सत्तरचा घोळ

संध्याकाळी चिकोडीहून निपाणीकडे येताना ऊन सरळ तोंडावर येतं. एप्रिलात तर डॅशबोर्डला हात लावायची सोय नाही. म्हणून पुढच्या काचेला सिरॅमिक फिल्म, म्हणजे उष्णता अडवणारा पारदर्शक थर, लावून घ्यायचं ठरवलं. फिल्म लागली एका दुपारात. डोकं खाल्लं ते एका आकड्यानं.

नियम सोपा आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत यायला हवा, बाजूच्या काचांतून ५०. याला व्हीएलटी म्हणतात. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं काचेवर फिल्म चिकटवणंच बंद केलं होतं. मग केंद्रीय मोटार वाहन नियमांतला हाच नियम, क्रमांक १००, बदलला, एप्रिल २०२१ पासून आतून प्लॅस्टिकचा थर असलेली काच चालेल असं झालं आणि त्याच आधारावर केरळ हायकोर्टानं २०२४ मध्ये मर्यादेतल्या फिल्मला दंड नको म्हटलं. पण निकाल केरळचा. आपल्याला राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे कर्नाटकचे पोलीस, पलीकडे महाराष्ट्राचे. रस्त्याकडेला उभं राहून कोर्टाचे निकाल कोण ऐकणार? हातात आकडा असलेला कागद पाहिजे.

आणि तोच कुणी देईना. बेळगावातल्या पहिल्या दुकानात मालक म्हणाला, "सत्तरचीच फिल्म हाय सर, लीगल. कायबी होत नाही बघा." डब्यावरही ७० छापलेलं. अहो, पण ते सत्तर एकट्या फिल्मचं! कोरी काच स्वतःच थोडा उजेड अडवते. उजेड मोजायचा मीटर मागितला तर म्हणे सेल संपलेत. दुसऱ्या दुकानात मीटर निघाला. माझी कोरी काच भरली ७९. आता ७९ चे ७० टक्के करा, जेमतेम ५५ होतात. म्हणजे सत्तरची फिल्म लावली की गाडी सरळ नियमाबाहेर. हे गणित मी काउंटरवर मोबाइलमध्ये करून दाखवलं, तर समोरचा म्हणतो, "एवढं कोण बघतंय?" मीच बघतोय की.

९० ची फिल्म लावा म्हटलं तर ती स्टॉकला नाही, मागवावी लागेल. थांबलो. "काचेसकट किती भरलं ते बिलावर लिहून द्या" म्हटलं तर, असं कुणी लिहून देत नाही. फिल्म लागल्यावर कंपनीचं सर्टिफिकेट व्हॉट्सअॅपवर आलं, त्यात एकट्या फिल्मचा आकडा आणि गाडीचा नंबर केए २३ च्या जागी केए २२. दुरुस्त करून घ्यायला पुन्हा फोनाफोनी. शेवटी माझ्यासमोर मीटर लावला, ७१ आलं, आणि मालकानं तोंड वाकडं करून का होईना, बिलावर गाडी नंबरासकट लिहून शिक्का मारला. त्या शिक्क्याचा आनंद मला फिल्मपेक्षा जास्त झाला.

लावताना डॅशबोर्डवर जाड टॉवेल टाकायला सांगा, साबणाचं पाणी खाली वायरिंगमध्ये उतरतं. नंतर काचेत धुरकट ठिपके दिसतील. ते आत अडकलेलं पाणी असतं, उन्हात आपोआप सुकतं, बोटानं दाबत बसू नका. अमोनियावाला क्लीनर लांब ठेवा.

हां, हे आधी सांगायला हवं होतं: फास्टॅग. तो आतून काचेला चिकटलेला असतो आणि काढला की निकामी होतो. नवीन टॅग बँकेकडून आधीच मागवून ठेवा, नाहीतर टोलवर जादा पैसे भरा. फिल्म मेटॅलिक घेऊ नका, टॅग वाचायला अडचण येते.

फरक पडला का? उष्णतेत पडला, एसी आता दोनवर पुरतो. डोळ्यावर येणारं ऊन मात्र ९० च्या फिल्मनं अडत नाही, त्याला गॉगलच. आणि बाजूच्या काचांना लावणार असाल तर तिथेही आधी कोरी काच मोजून घ्या, ५० चं गणित तसंच आहे.