बटाट्याच्या सॅलडवरून भांडण

२४ डिसेंबरला मैत्रिणीच्या घरी, जर्मनीत श्टुटगार्टला जेवायला बोलावणं होतं. मी शाकाहारी, त्यामुळे हंस-बिंस खाणार नव्हते, पण ख्रिसमसचं जेवण म्हणजे सोबत चार पदार्थ तरी असतील, म्हणून दुपारी मुद्दाम काही खाल्लं नाही. आणि संध्याकाळी बघते तर काय, टेबलावर गरम पाण्यातून काढलेली सॉसेजेस आणि बटाट्याचं सॅलड. बास! मला वाटलं ही सुरुवात असेल, म्हणून थोडंसंच घेतलं नि पुढच्याची वाट बघत बसले, तर पुढे थेट कुकीजच आल्या.

मग कळलं की हंस, लाल कोबी वगैरे थाट २५ ला असतो. ख्रिसमसच्या आधीचा काळ पूर्वी उपासाचा धरायचे, म्हणून २४ ला साधं जेवण. म्हणजे पारणं दुसऱ्या दिवशी! शिवाय झाड सजवायचं, गिफ्ट्स बांधायच्या, त्या गडबडीत कोण रांधत बसणार.

पण साधं म्हणून सोपं नाही हं. मैत्रिणीची आजी (सगळे तिला ओमा म्हणतात) पक्की श्वाबेनची (म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या भागातली), आणि घरचा जावई पार उत्तरेकडच्या हँबर्गचा. ओमाचं म्हणणं, बटाटे गरम असतानाच पातळ कापायचे, त्यावर कढत स्टॉक, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, कांदा, आणि तेल अगदी शेवटी, कारण आधी घातलं तर बटाटा स्टॉक पीतच नाही. ढवळताना पचपच असा आवाज आला पाहिजे, त्या ओलसरपणाला 'श्लोंत्सिग' असा खास शब्दसुद्धा आहे. जावयाचं सॅलड म्हणजे मेयॉनेज आणि लोणच्यातली काकडी. त्याने स्वतःचा बाउल घरून करून आणला होता, ओमाने तो टेबलाच्या पार टोकाला सरकवला, त्याने हळूच परत मधे आणला, हे तीनदा झालं आणि कोणी एक शब्द बोललं नाही. जावयाचा मान वगैरे तिकडे काही नसतो बहुतेक.

ओमाच्या सॅलडमधे स्टॉक बीफचा असतो हे मला माहीतच नव्हतं. मी वाढून घेणार तेवढ्यात तिने माझा हात धरला आणि किचनमधून एक छोटा बाउल आणला, भाज्यांच्या स्टॉकमधलं, फक्त माझ्यासाठी. वय ८० च्या पुढे, मला आधी एकदाच भेटलेली. मला काय बोलावं सुचेना, नुसतं डांकं डांकं (थँक्यू) करत राहिले.

निघताना दोन डबे मिळाले, एक तिचा, एक जावयाचा. बरंच झालं, कारण २५ आणि २६ दोन्ही दिवस दुकानं बंद आणि माझ्या फ्रीजमधे नुसतं दही होतं. आता डबे रिकामे कसे परत करायचे, म्हणून शंकरपाळ्या करायला घेतल्यात. दोन्ही डब्यात अगदी मोजून सारख्या भरणार आहे.