म्हापशातला जुना बार, हुर्राक आणि करवंटीच्या निखाऱ्यांवरचा बांगडा

गोव्यातला खरा बार बघायचा असेल तर किनाऱ्याकडे वळू नका, म्हापशात उतरा. कोकण रेल्वेने थिवीला आलात की गाव जवळच. शुक्रवारी आलात तर बाजारच अर्धा दिवस खातो. त्यामागच्या गल्ल्यांत कौलारू छपराचे, चार टेबलांचे बार अजून टिकून आहेत. कपाटात बाटल्या, कोपऱ्यात गराफांव, म्हणजे वेताने विणलेली दारूची मोठी काचेची बाटली. भर दुपारी दार लावून घेतात, ते संध्याकाळी उघडतात. यावर कुरकुर करणारे पर्यटक मला अजिबात पटत नाहीत. जेवून झोपायची वेळ आहे ती. संध्याकाळी या.

मार्च ते मे या दिवसांत इथे फेणी मागू नये, हुर्राक मागावा. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, तुडवून काढलेला रस दोन-तीन दिवस आंबवतात आणि भाणात, म्हणजे दारू गाळायच्या हंड्यात, उकळतात. पहिल्या धारेचा तो हुर्राक, साधारण 15 टक्क्यांचा. तोच रसात मिसळून पुन्हा उकळला की 42-43 टक्क्यांची फेणी. 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते काजूच्या फेणीला. हुर्राकला ते नाही, आणि तो फार टिकतही नाही. पावसाळा सरला की बोंडूचा वास उडून जातो. चांगला हुर्राक स्वच्छ दिसतो आणि पिकल्या बोंडूसारखा घमघमतो. धुराचा वास आला तर भट्टीचा जाळ जास्त झाला असं समजा, आंबूस झणका आला तर रस जास्त दिवस राहिला.

उंच ग्लासात 60 मिली हुर्राक, उभी चिरलेली हिरवी मिरची, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, बर्फ आणि वरून लिम्का. एवढंच. कोला घातलात तर सगळा वास मेला. गोडसर लागतो म्हणून उन्हात सरबतासारखा ढोसणारे तासाभरात टेबलावर डोकं टेकतात. हळू प्या, मधे पाणी प्या.

पण मला लिहायचंय ते शेगडीबद्दल. मागच्या अंगणात करवंटीच्या निखाऱ्यांवर जाळी, आणि तिच्यासमोर उभा असलेला शांत म्हातारा. शेजारच्या टेबलावरून 'अजून किती वेळ?' चाललं होतं. फार राग आला, कारण बरोबर होता तो म्हातारा. निखाऱ्यांवर पांढरी राख चढायच्या आधी बांगडा ठेवला तर चरबी गळते, जाळ उसळतो आणि मसाल्यातली साखर करपते. वरून काळा, काट्याजवळ कच्चा.

रेशादचा, म्हणजे मासा चिरून आत भरायचा गोव्याचा लाल आंबट मसाला पाच बांगड्यांना असा: 15 काश्मिरी मिरच्या, दहा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, अर्धा चमचा जिरं, अर्धा चमचा मिरी, चार लवंगा, इंचभर दालचिनी, सुपारीएवढी चिंच, चमचाभर साखर, आणि माडाचा व्हिनेगर चार मोठे चमचे. पाणी एक थेंबही नाही. पाण्याने वाटलेला मसाला जाळीवर सुटून निखाऱ्यांत पडतो. बांगड्याला पाठीकडून काट्याच्या दोन्ही बाजूंनी चीर द्यायची, पंधरा मिनिटं मीठ लावून ठेवायचं, सुटलेलं पाणी टिपायचं आणि मग मसाला दाबून भरायचा.

जाळी आधी चांगली तापवून तेलाचं फडकं फिरवायचं. थंड जाळीला कातडी चिकटते. एका बाजूला चार-पाच मिनिटं ठेवायचा. मासा आपोआप सुटला की उलटायचा, आणि एकदाच. सारखा उलटणारा माणूस बांगडा मोडतो. त्या म्हाताऱ्याने माझ्यासमोर पानाच्या टोकाएवढीही कातडी जाळीवर सोडली नाही. बरोबर पोई, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, आणि कांदा होता. लिंबू पिळायची गरज पडली नाही, व्हिनेगर पुरेसा होता.

एप्रिलच सगळ्यात बरा. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे बांगडा बर्फातलाच मिळेल आणि हुर्राकही संपत आलेला असेल. बाटली बॅगेत कोंबून घरी नेऊ नका. महाराष्ट्रात परवान्याशिवाय गोव्याची दारू आणणं गुन्हा आहे, आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. न्यायचंच तर बाजारातून चोरिसची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजची, माळ घ्या, प्रवासात छान टिकते. मात्र कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये तेल सुटून सगळे कपडे लाल होतात.