यात्रेचे दिवस, लगामांच्या पालात

मार्गशीर्ष लागला की माझं मन घरात रमत नाही. दत्तजयंतीच्या आधीपासूनच नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात घोडे उतरू लागतात. कानांची टोकं एकमेकांकडे वळलेले मारवाडी आणि काठियावाडी, गुलाबी कातडीचे पांढरेशुभ्र नुकरा. तापीकाठच्या एकमुखी दत्ताची ही यात्रा. लोक दर्शनाला येतात, घोडे बघायला येतात. मी कामाला जाते, घोड्याच्या सामानाच्या पालावर. यंदा सहावं वर्ष.

त्याआधी नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जायची. रात्री हातांची अशी आग व्हायची की भाकरी थापवत नसे. पालावर रोज ठरलेला आणि जेवायला मामींच्या हातची कळण्याची भाकरी. (मामा म्हणजे पालाचे मालक. नात्याने कुणी नाहीत, पण सगळेच त्यांना मामा म्हणतात.) थंडी मात्र वाईट. पहाटे नदीवरून वारा आला की चामडं लाकडासारखं कडक होतं, वाद्यांना, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांना, तेल लावल्याशिवाय बक्कल लागत नाही.

खोगीर, रिकिबी, तंग, तोबरे, खरारे, घुंगरांच्या माळा, सगळं मांडायचं. चामड्याचा बराचसा माल कानपूरचा. गळपट्ट्यावर कवड्या शिवणं, गोंडे ओवणं हे माझं काम. गिऱ्हाईक आधी गोंड्यांना हात लावतं. चार पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी घोडा घेतलेला माणूस तर सगळं पाल घोड्यावर चढवायला निघतो. चढवू दे, त्याने घोड्याला काही इजा होत नाही.

इजा होते ती लगामाने. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये नुसत्या हिरडीची रिकामी जागा असते. लगामाची लोखंडी कडी तिथे बसते. कडी आखूड पडली तर ओठांचे कोपरे चिमटते, लांब झाली तर आतल्या आत सरकत राहते. म्हणून मी सुतळी ठेवते. सुतळी घोड्याच्या तोंडातून आडवी घ्यायची, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी गाठ मारायची आणि मापाला प्रत्येक बाजूला जेमतेम पाव इंच जास्त धरायचं. एवढंच. पण गर्दीत तेवढाही वेळ कुणाला नसतो.

पहिल्या वर्षी मलाही नव्हता. एका पोराने नुसतं ‘मोठा घोडा आहे’ म्हणून सांगितलं आणि मी अंदाजाने लगाम दिला. तिसऱ्या दिवशी तो घोडा पालासमोरून गेला. तोंडाचे कोपरे फाटलेले, फेसात रक्त. पोरगा मला काही बोलला नाही. मी लगाम बदलून दिला, पैसे माझ्या रोजातून कापायला सांगितले. त्या रात्री झोप आली नाही. तेव्हापासून सुतळीशिवाय मी लगाम विकलेला नाही.

काटेरी लगामही विकत नाही. १९६५ पासून केंद्राच्या नियमांनी तो वापरायला बंदी आहे, तरी रोज दोघं-तिघं विचारतातच. परवा शिरपूरकडचे एक नाना आले.

“ताई, काटानी लगाम शे का?”

“नही नाना. बंदी शे त्याले.”

“घोडा ऐकत नही ना मन्हं.”

मी म्हटलं, घोडा घेऊन या. मला वाटलं, शेजारच्या पालावर जातील. पण अर्ध्या तासाने कुमैत, म्हणजे लालसर तपकिरी, घोडा घेऊन नाना हजर. तोंड उघडून पाहिलं तर जुनी कडी वरच्या वाद्यांनी इतकी ताणलेली की ओठांच्या कोपऱ्याला चार सुरकुत्या. एखाद-दुसरी बस झाली. आत हिरडीला जुना वळ. तो घोडा ऐकणार कसा? मान झटकणं हे त्याचं सांगणंच होतं, आणि त्यावर लगाम आणखी आवळला जात होता.

सुतळी टाकली, गाठी मारल्या. मधे सांधा असलेली साधी, गुळगुळीत कडी काढली, तळहातात धरून थोडी गरम केली, मग तोंडात दिली आणि वाद्या दोन भोकं सैल केल्या. घोडा थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग जिभेने कडी खेळवू लागला, खुळखुळ आवाज येत होता. नानांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि मला म्हणाले, “ती सुतळी बी दे माले. घरी आनखी एक शे.”

गाठी तशाच ठेवून मी सुतळी त्यांना दिली आणि स्वतःसाठी नवी तोडली.