रस्ता ओलांडताना नजर कुठे? हनोई ते लंडन

हनोई, तोक्यो, ओसाका, बर्लिन आणि लंडन असा या फेरीचा क्रम होता. पायी फिरणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी पहिल्याच दिवशी ओळखायचं ते हे: इथे लोक चालताना कशाच्या भरवशावर पाऊल टाकतात?

हनोईत भरवसा तुमच्या चालीवर असतो. जुन्या वस्तीत दुचाकींचा लोंढा थांबतच नाही. रस्ता मोकळा होण्याची वाट पाहणारा कडेलाच उभा राहतो. थोडी फट दिसली की उतरा आणि संथ, एकसारख्या गतीने चालत राहा. तुमचं पुढचं पाऊल कुठे पडेल ते धरून दुचाकीस्वार आधीच बाजूने निघतो. तुम्ही दचकून थांबलात, मागे सरलात किंवा पळालात की त्याचा अंदाज चुकतो. बस आणि मोटारी अशा चटकन वळत नाहीत, त्यांना आधी जाऊ द्या. उलट दिशेनेही दुचाकी येतात, तेव्हा दोन्हीकडे पाहा. फुटपाथ बहुतेक लावलेल्या गाड्यांनी भरलेले. रस्त्यावर उतरावं लागलं तर वाहनं समोरून दिसतील अशी बाजू धरा.

तोक्योत शिबुयाच्या चौकात पादचाऱ्यांचा हिरवा लागला की सगळीकडची वाहनं थांबतात, तिरकंही जाता येतं. आपल्या दिशेच्या माणसामागे राहा. फोटोसाठी मध्येच थांबू नका, मागचे आदळतात. सरकत्या जिन्यावर तोक्योत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. या दोन शहरांच्या वाटेवरच्या नागोयाला उतरणार असाल तर तिथे २०२३पासून सरकत्या जिन्यावर न चालण्याचा नियम आहे.

बर्लिनमध्ये भरवसा दिव्यावर. रस्ता रिकामा असला तरी लाल असताना बरेच जण थांबतात. शेजारी लहान मूल असेल तर तुम्हीही थांबाच. अर्ध्यावर लाल झाला तर परत फिरू नका, पुढे जा. वळणाऱ्या मोटारींनाही त्याच वेळी हिरवा असू शकतो, म्हणून चालकाकडे पाहून उतरा. नवखे फसतात ते सायकलमार्गावर: तो अनेकदा फुटपाथलाच लागून, त्याच पातळीवर, तांबूस फरशीचा असतो आणि सायकल आवाज न करता मागून येते.

लंडनमध्ये लाल दिव्यावर ओलांडणं सहसा गुन्हा नाही. लोक फट पाहून निघतात. त्यांच्यामागे आंधळेपणाने जाऊ नका. बर्लिनहून आल्यावर मान आधी डावीकडे वळते, वाहनं मात्र उजवीकडून येतात. रस्त्याच्या मध्ये थांबण्यासाठी वाहतूक बेट असेल तर पलीकडच्या अर्ध्याचा दिवा बरेचदा वेगळा असतो, तो पुन्हा पाहा.