मण्यारीच्या पाठीचा फोटो

आमच्या वसमत (जि. हिंगोली) तालुक्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात मी सापांची ओळख सांगणारं पहिलं फ्लेक्स लावलं आणि आठवड्यानं गेलो तर ते उतरवून भिंतीकडं तोंड करून ठेवलेलं. सर म्हणाले, पहिलीची लेकरं तिकडून जायनात, फणा बघून रडतात. फ्लेक्सच्या मधोमध फणा काढलेल्या नागाचा फोटो होता, माझा सगळ्यात आवडता, पालथं झोपून काढलेला, मागं मावळतीचा उजेड. लई वाईट वाटलं त्या दिवशी, कारण दोन वर्षं मी जे फोटो काढत होतो ते लोकांची भीती कमी व्हावी म्हणूनच काढत होतो.

हे काम मी सुरू केलं ते गल्लीतल्या एका काकूंमुळं. पावसाळ्यात खाली गोधडी टाकून झोपल्या होत्या, पहाटे पोट दुखायला लागलं, ॲसिडिटी असंल म्हणून सोडा पिल्या, थोड्या वेळानं पापण्या उचलेनात, जीभ जड पडली, दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास थांबलेला. अंगावर कुठं खूण दिसली नाही. नंतर गोधडी झाडली तर मण्यार निघाली. मण्यारीचे दात इतके बारीक असतात की झोपेत चावली तर बऱ्याचदा माणूस जागाही होत नाही, ना सूज ना आग, पण विष मज्जातंतूंवर काम करतं आणि श्वास बंद पाडतं. त्यानंतर गल्लीत पट्ट्यापट्ट्याचा जो साप निघाला तो मारला गेला. मी स्वतः चार मेलेले बघितले, चारही कवड्या, बिनविषारी, पाली खाऊन जगणारे. म्हणजे मण्यार काय असते ते कुणालाच ओळखू येत नव्हतं, मलाही तेव्हा येत नव्हतं.

फोटो काढायचे तर नियम काय ते आधी वन विभागात जाऊन विचारलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सापाला पकडणं, जवळ ठेवणं, त्याचा खेळ करणं गुन्हा आहे, म्हणून फोटोसाठी साप पकडायचा किंवा डब्यात ठेवायचा प्रश्नच येत नाही. मग वन विभागात नोंद असलेल्या एका सर्पमित्र दादांच्या मागं मागं जायला लागलो. ते घरातून, आखाड्यावरून (रानातल्या गोठ्या-वस्तीवरून) साप काढायचे आणि जवळच्याच ओढ्याकाठी सोडायचे, सोडताना जी दोन-तीन मिनिटं मिळतील तेवढीच माझी. दादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे बघ, फोटोपायी सापाला डिवचायचं नाही, हातात धरलेला फोटो काढायचा नाही, आपलं बघून उद्या एखादं पोरगं धरायला जाईल." सुरुवातीला मला हे जाचक वाटायचं, आता मी तेच दुसऱ्याला सांगतो. काही जण साप शांत व्हावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवतात असं ऐकलंय, असं कुणी करत असेल तर त्याच्या फोटोला लाईकसुद्धा देऊ नका, कळकळीनं सांगतो.

तर फ्लेक्स उतरवल्यावर मी ठरवलं की आता देखणा फोटो नको, ओळख पटवणारा पाहिजे. आणि तिथंच खरी अडचण सुरू झाली. मण्यारीची पक्की खूण म्हणजे पाठीच्या मधोमध शेपटीपर्यंत जाणारी खवल्यांची एक ओळ, ते खवले बाजूच्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी असतात. कवड्याला तसं काही नसतं. पण मण्यारीचं अंग काचेसारखं चमकतं, फ्लॅश मारला की नेमक्या त्याच ओळीवर पांढरी रेघ उमटते आणि जे दाखवायचं तेच गायब. मी असे किती फोटो वाया घालवले याचा हिशोब नाही, फ्लॅशवर पांढरं कापड बांधलं, थर्माकोलचा तुकडा आडवा धरला, शेवटी कळलं की ढगाळ दिवसाचा साधा उजेडच सगळ्यात चांगला. श्रावणातल्या एका सकाळी कडब्याखालून मण्यार निघाली, दिवसा ती वेटोळं करून डोकं खाली लपवते, तशीच बसली होती. डोकं दिसत नाही म्हणून पूर्वी मी असा फोटो काढलाच नसता. आता मला पाठच पाहिजे होती. नव्वद एमएमची मॅक्रो, म्हणजे बारीकसारीक टिपणारी लेन्स, एफ ११, म्हणजे जवळचं लांबचं सगळं अंग स्पष्ट यावं, आणि सापाच्या अंगाच्या लांबीपेक्षा जास्त अंतर राखून बसलो. तो फोटो दिसायला काहीच विशेष नाही, काळं वेटोळं नि वर बारीक पांढरे पट्टे, पण खवले मोजता येतात. तो बघून काकूंची आठवण आली आणि बराच वेळ मी तिथं बांधावरच बसून राहिलो.

नवीन फ्लेक्स जोड्यांचं करायचं ठरलं, विषारी एक आणि शेजारी त्याच्यासारखा दिसणारा पण जिवाला धोका नसलेला एक. मण्यार आणि कवड्या: मण्यारीचे पट्टे बऱ्याचदा जोडीजोडीनं, मानेजवळ पुसट किंवा नसतातच आणि शेपटीकडं ठळक, कवड्याचे मानेपासून ठळक आणि शेपटीकडं विरत जाणारे. घोणस आणि डुरक्या घोणस: घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार, डुरक्याच्या अंगावर वेडेवाकडे डाग आणि शेपूट आखूड. नाग आणि धामण: हा फरक लोकांना माहिती असतो असं आपल्याला वाटतं, पण नाग दर वेळी फणा काढून बसत नाही, सरळ चाललेला नाग आणि धामण यात लई जण फसतात, म्हणून यावेळी फणा खाली असलेल्या नागाचाच फोटो घेतला.

राहिलं फुरसं, त्याच्या जोडीला मांजऱ्या. फुरसं आमच्या काळ्या रानात मला कधी भेटलं नाही, त्याला खडकाळ कोरडं माळरान लागतं. मग मित्राच्या गावाला, बीडकडं बालाघाटाच्या डोंगरात, तीन चकरा मारल्या. दगड उलटून बघायचा आणि जसा होता तसाच परत ठेवायचा, त्याच्याखाली विंचू, पाली, कितीतरी जीव घर करून असतात. तिसऱ्या चकरीत भेटलं, हातभरसुद्धा नाही, अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज काढत होतं, डोक्यावर बाणासारखी खूण स्पष्ट. मांजऱ्याच्या पाठीवरही फुरशासारखीच नक्षी असते म्हणून तो बिचारा फुकट मरतो.

यावेळी छापायच्या आधी साध्या कागदावर प्रिंट काढून हळद काढायला आलेल्या बायांना दाखवल्या, आणि हे मी आधीच करायला पाहिजे होतं. एक मावशी म्हणाल्या, "काहो भाऊ, हे फुरसं धामणीएवढं ऱ्हातंय व्हय?" बरोबरच होतं त्यांचं, सगळे फोटो एका मापाचे, त्यात फुरसं आणि धामण सारखीच दिसत होती. मग प्रत्येकाखाली लांबी लिहिली, सेंटीमीटरमध्ये नाही, हातात. फुरसं एक हात, मण्यार दोन हात, धामण चार-पाच हात. दुसऱ्या एकीनं दिवडाकडं, म्हणजे पाण्यातल्या बिनविषारी सापाकडं, बोट करून सांगितलं की आमच्यात ह्याला विरोळा म्हणतात, दिवड कोण म्हणतंय. म्हणून प्रत्येक नावापुढं एक रिकामी रेघ ठेवली, ज्या गावात जे नाव असेल ते स्केचपेननं लिहा.

खाली मोठ्या अक्षरात काय लिहायचं यावर दादांचं आणि माझं बरंच झालं. मला वाटायचं ओळखीवरच भर द्यावा, ते म्हणाले, अरे अर्धवट ओळखून कुणी हात घातला तर? पटलं मला. मग लिहिलं: खात्री नसेल तर विषारीच समजा आणि लांब राहा. चावल्यावर कापू नका, करकचून बांधू नका, मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा नाहीतर मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना गाठा. आणि साप मारून दवाखान्यात नेऊ नका, कारण आपल्याकडं जी सर्पदंशाची लस (विष उतरवणारं इंजेक्शन) मिळते ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच आहे. हे शेवटचं वाक्य लोकांना सगळ्यात नवीन असतं असं मला दिसलंय. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं अंदाजे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि बहुतेक आपल्यासारख्या खेड्यातली. हा आकडा मात्र फ्लेक्सवर घातला नाही, भीती आधीच पुरेशी आहे.

पंचमीच्या आदल्या आठवड्यात नवीन फ्लेक्स त्याच शाळेत लावलं. आमच्याकडं औंढा नागनाथ जवळ, पंचमीला वारूळ पुजायचं, रान नांगरायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी आखाड्यावर तोच साप दिसला की काठी. सरांनी लेकरांना रांगेनं फ्लेक्ससमोर बसवलं, यावेळी कुणी रडलं नाही, उलट षटकोनी खवले मोजायला पुढं सरकत होती.

परवा रात्री साडेअकराला त्याच गावातून एका आज्जीचा फोन आला. "बाबा, चुलीपाशी पट्ट्याचं हाय. पट्टे मानंपासूनच हाईत, शेपटीकडं न्हाईत. कवड्या वाटतंय, पर मी लांबच उभी हाय, तू ये." दादा आणि मी गेलो, कवड्याच होता. दादांनी तो मागच्या कुंपणापाशी सोडला, आज्जी कंदील धरून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती.

मांजऱ्याचा मनासारखा फोटो अजून मिळालेला नाही, फ्लेक्सवर जो आहे त्यात डोळ्याची उभी बाहुली नीट दिसत नाही. वसमत, औंढा, कळमनुरीकडं कुणाला तुराट्यांच्या ढिगात नाहीतर जुन्या भिंतीत दिसला तर मारू नका, वन विभागाच्या १९२६ वर कळवा, त्याला सोडताना मी कॅमेरा घेऊन येतो.