रोममध्ये ग्रीक देव शोधताना

ग्रीकांचा झ्यूस म्हणजे रोमनांचा ज्युपिटर, हेरा म्हणजे जुनो, पोसायडन म्हणजे नेपच्यून, हा तक्ता क्विझवाल्यांना तोंडपाठ असतो. रोममध्ये एक दुपार पायी हिंडलं, की त्यावरचा विश्वास उडायला लागतो.

सुरुवात पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या फोरमपासून, म्हणजे त्याने बांधलेल्या चौकापासून, केली. रस्त्याच्या कठड्यावरूनच मार्स अल्टोरच्या, म्हणजे सूड घेणाऱ्या युद्धदेव मार्सच्या, देवळाचा चौथरा आणि एका बाजूला तग धरून राहिलेले तीन उंच खांब दिसतात. सीझरच्या मारेकऱ्यांशी इ.स.पू. ४२ मध्ये फिलिप्पीला लढाई झाली, तेव्हा ऑगस्टसने बोललेला हा नवस. देऊळ वाहिलं गेलं इ.स.पू. २ मध्ये. नवस फेडायला चाळीस वर्षं लावूनही देव कोपला नाही, हे विशेष!

तक्त्यात मार्ससमोर ग्रीक युद्धदेव एरीज असतो. पण एरीजचं ग्रीकांत फारसं कौतुक नव्हतं. होमरच्या इलियड या महाकाव्यात डायोमिडीस हा ग्रीक योद्धा त्याला भाल्याने जखमी करतो, हा रडत बापाकडे जातो, तर झ्यूस उलट त्यालाच झापतो: ऑलिंपसवर मला सगळ्यांत जास्त तिटकारा तुझाच आहे. रोमचा मार्स मात्र मूळचा इथलाच, लढाईबरोबर शेताशिवाराचीही राखण करणारा, आणि शिवाय रोम वसवणाऱ्या रोम्युलसचा बाप. दोघांना एका ओळीत बसवणं मला तरी पटत नाही.

सॅटर्नचंही तेच. ग्रीक क्रोनस पोटची पोरं गिळतो. रोमन सॅटर्नच्या देवळात सरकारी खजिना होता आणि त्याच्या डिसेंबरातल्या सणात मालक गुलामांना जेवायला वाढत. जुन्या रोमन फोरममधले त्याचे आठ खांब कॅपिटोलिन टेकडीवरून छान दिसतात. तिथे गर्दी फार, म्हणून पटकन खाली उतरलो.

खरी मजा नदीकडे आहे. मार्सेलसच्या नाट्यगृहाला लागूनच अपोलोच्या देवळाचे तीन पांढरे खांब आहेत. याला रोमन जोडीदारच नाही, तो नावासकट ग्रीसचा. इ.स.पू. ४३३ मध्ये साथ आली, तेव्हा रोमने त्याला वैद्य म्हणून देऊळ कबूल केलं. पुढे इ.स.पू. २९३ च्या सुमारास पुन्हा साथ पसरली, तेव्हा त्याच्या मुलाला, वैद्यकाचा देव अस्क्लेपियसला, आणायला ग्रीसमधल्या एपिडॉरसला जहाज गेलं. कथा अशी, की जहाजातून आलेला पवित्र साप टायबर नदीतल्या बेटावर उतरला, म्हणून देऊळ तिथेच बांधलं. बापलेकांच्या जागांत जेमतेम पाच मिनिटांची चाल.

बेटावर जाणारा फाब्रिचिओ पूल इ.स.पू. ६२ चा, आजही वापरात. देवळाच्या जागी आता सान बार्तोलोमेओ चर्च आहे आणि आत वेदीच्या पायऱ्यांवर जुनी विहीर. पण चुकवू नये ते खाली, पाण्यालगत. रोमनांनी बेटाच्या काठाला दगडी जहाजाचा आकार दिला होता, त्याचा एक तुकडा उरला आहे. ट्रॅव्हर्टाइन या चुनखडीच्या दगडाचे ओबडधोबड ठोकळे, झिजलेला देव, काठी, आणि काठीला वेटोळं घातलेला साप. देवाचा चेहरा ओळखू येत नाही, साप मात्र नीट दिसतो. वर, बेटावर, सोळाव्या शतकापासून चालत आलेलं रुग्णालय आहे.

जाणार असाल तर पाऊस नसताना जा. नदीला पाणी चढलं की खालचा धक्का बुडतो, आणि मग साप पुलावरून मान वाकडी करूनही दिसत नाही.